नगरसेवकाची निवडणूक हरलात? आता मतांचा कागद घेऊन बसा

सगळ्यात पहिले तर निकालाच्या रात्री काहीच ठरवू नका. राजकारण सोडायचं हेही नाही, पुढच्या वेळी दाखवून देतो हेही नाही, त्या अमक्याच्या घरी परत पाय ठेवणार नाही हे तर अजिबात नाही. मी १६ जानेवारीच्या रात्री या तिन्ही गोष्टी पक्क्या ठरवल्या होत्या आणि सकाळी उठून तिन्ही मोडल्या, तिसरी तर साडेसातलाच मोडली, कारण त्या अमक्याच्याच घरून आम्ही प्रचारासाठी चाळीस खुर्च्या आणल्या होत्या आणि त्यांच्याकडे दुपारी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं.

थोडं माझं सांगते म्हणजे पुढचं कळेल. मी दक्षिण नागपुरात, मानेवाडा रिंग रोडच्या आतल्या एका लेआऊटमधे राहते, सातवी ते दहावीच्या पोट्ट्यांच्या गणिताच्या शिकवण्या घेते, आणि या वेळी महापालिकेला आमच्या प्रभागातल्या चार जागांपैकी 'क' जागेवर अपक्ष उभी होती, चिन्ह कपबशी. मतं पडली २,९१८, नंबर चौथा. आपल्याकडे २०१७ च्या फेब्रुवारीनंतर थेट जानेवारी २०२६ मधे निवडणूक झाली, मार्च २०२२ ला मुदत संपली आणि मग पावणेचार वर्षांच्या वर प्रशासकच होते, त्यामुळे १५१ जागांसाठी ज्याच्या त्याच्या अंगात आलं होतं. आता १५१ निवडून आले म्हणजे बाकीचे सगळे हरलेच ना, आणि ते बाकीचे कितीतरी जास्त आहेत, पण फॉर्म कसा भरायचा हे सांगणारे शंभर जण भेटतात, हरल्यावर काय करायचं हे सांगणारा एकही नाही. म्हणून हे लिहून राहिली.

पहिला आठवडा उधारीचा

रडायचं तर रडून घ्या, पण पहिल्या आठवड्यात डोकं चालवायचं नाही, हात चालवायचे. उधारी फेडा. आणि कोणाची पहिले, तर जो मागायला लाजतो त्याची. हरलेल्या उमेदवाराच्या दारात पैसे मागायला यायला लोकांना कसंसंच होतं, फ्लेक्सवाला येतो बरोबर, त्याला सवय असते, पण आमचा पोहेवाला तीन दिवस गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेला हे मला नंतर कळलं. रोज सकाळी सत्तर प्लेट तर्री पोहे, वर सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, लिंबू वेगळं, आणि त्या माणसाने एक दिवस नागा केला नाही. भोंग्याचा ऑटोवाला, मंडपवाला, टेबलावर बसलेल्या पोट्ट्यांच्या जेवणाचे डबे, सगळं एका कागदावर लिहा आणि कमी रकमेपासून सुरू करा, कारण कमी रकमेवाल्यालाच पैशाची जास्त गरज असते.

दुसरं म्हणजे खर्चाचा हिशोब. हे नीट वाचा, कारण बरेच जण म्हणतात की हरलो तर आता कोण विचारतं बाप्पा. विचारतात. निकालापासून ३० दिवसांच्या आत खर्चाचा हिशोब द्यावाच लागतो, जिंकलेल्यालाही आणि हरलेल्यालाही, नाही दिला तर राज्य निवडणूक आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. म्हणजे उद्या तुम्हाला परत उभं राहायचं असेल आणि तुम्ही फक्त आळसापायी बाद व्हाल. नागपूरसाठी खर्चाची मर्यादा १५ लाख होती, माझा सगळा मिळून त्याच्या पाव हिस्सासुद्धा झाला नाही, पण पावत्या सगळ्या लागतातच. मी त्या पहिल्या दिवसापासून एका साडीच्या पिशवीत टाकत गेली होती, शेवटी ती पिशवी पलंगावर उलटी केली तर त्यात एक पावती पोह्याच्या तर्रीने लाल झालेली निघाली, तीच लावून दिली.

उरलेले फ्लेक्स आणि झेंडे स्वतः उतरवा, दुसऱ्याने उतरवायची वाट पाहू नका, आपला चेहरा आपल्या हाताने खाली काढताना जरा बरं वाटत नाही पण दुसऱ्या कोणी नालीत फेकलेला पाहण्यापेक्षा बरं. पत्रकं माझी चार गठ्ठे उरली होती, एका बाजूनेच छापलेली, कपबशीवाली. ती आता माझ्या शिकवणीची पोट्टी रफ वर्कला वापरून राहिली. मागे त्रिकोणाचं प्रमेय आणि पुढे माझा हात जोडलेला फोटो. पहिले दोन दिवस हसली ती, आता कोणाचं लक्षही जात नाही.

आता कागद

आठवडाभराने कागदाला हात लावा. निकाल म्हणजे एक आकडा नसतो, तुमच्या प्रभागात जितके बूथ तितके आकडे असतात. आमच्याकडे ७८ बूथ होते. मोजणीच्या वेळी तुमच्या एजंटने जाळीच्या मागे उभं राहून बूथनिहाय आकडे लिहून घेतले असतील तर उत्तम, माझ्या भाच्याने शिकवणीच्याच एका वहीत लिहिले होते, मधेमधे अक्षर असं की सातचा एक आणि एकचा सात. नसतील तर अर्ज करून मागून घ्या, माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कोणाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. पानठेल्यावर माझी मतं आठशेपासून पाच हजारापर्यंत सगळी होती.

मग दोनशे पानी वही घ्या, एक्सेल येत असेल तर एक्सेल, आणि रकाने पाडा. बूथ नंबर, कोणत्या शाळेतली कोणती खोली, मतदार किती, मतदान किती, मला किती. इथपर्यंत सगळेच करतात. यापुढे अजून एक रकाना पाडा, आणि खरी गोष्ट या रकान्यात आहे: मतदानाच्या आदल्या रात्री मला इथून किती वाटत होती. हा रकाना आठवून भरू नका, आठवणीत माणूस शहाणा होऊन जातो, म्हणतो मला आधीच वाटत होतं. १४ जानेवारीच्या रात्रीचे व्हॉट्सॲपचे मेसेज काढा. आमच्या ग्रुपवर सगळं होतं, "ताई इथून दीडशे फिक्स", "वहिनी या गल्लीचं टेन्शन घेऊ नका", "मॅडम फ्लॅट स्कीमवाले सगळे आपले". मी ते जसेच्या तसे उतरवले. बेरीज आली ९,३४०. पडली २,९१८.

ही बेरीज पाहून मला पहिल्यांदा हसू आलं. गणिताची बाई आहे मी, पोट्ट्यांना रोज सांगते की उत्तर काढायच्या आधी अंदाज करा आणि उत्तर अंदाजाच्या जवळ नसेल तर पायऱ्या परत तपासा, आणि स्वतःच्या वेळी एकही पायरी तपासली नाही.

मतदार यादीही काढा, टिक केलेली. आमच्या यादीवर तीन तऱ्हेच्या टिक होत्या. ज्या घरी मी स्वतः गेली होती तिथं निळा पेन, भाचा आणि त्याचे मित्र गेले तिथं लाल, आणि कोणीतरी सांगितलं की ते आपलेच आहेत तिथं पेन्सिल. बूथनिहाय मोजून पाहिलं तर जिथं निळ्या टिका जास्त होत्या तिथं तीन टिकांमागे एक मत आलं, जिथं नुसती पेन्सिल होती तिथं वीसामागे एक. कोणी कोणाला दिलं हे कोणालाच कळत नाही आणि कळूही नये, हा फक्त ढोबळ हिशोब आहे, पण पुढच्या वेळी कोणी पेन्सिल घेऊन आला की मी त्याला चहा पाजून परत पाठवीन.

आता ज्याने माझी झोप उडवली ते सांगते. ७८ पैकी फक्त ११ बूथांनी माझी अर्धी मतं दिली होती. आणि त्या ११ मधे माझी गल्ली नव्हती.

ते ११ बूथ नाल्याच्या पलीकडच्या वस्तीतले. तिथं मी प्रचाराला सगळ्यात कमी गेली, तिथं माझं कोणी नातेवाईक नाही, तिथं आमचे फ्लेक्सही नीट लागले नव्हते. मग मी डोक्यावर हात ठेवून बसली आणि विचार केला की इथं काऊन पडली. दोन दिवसांनी ट्यूब पेटली. पाच-सहा वर्षांपासून मी त्या वस्तीतल्या लेकरांचे आरटीईचे, म्हणजे खासगी शाळेतल्या मोफत प्रवेशाचे, आणि स्कॉलरशिपचे ऑनलाइन फॉर्म भरून देते, उत्पन्नाचा दाखला कुठून आणायचा, फोटो केवढा लागतो, आईच्या नावाचं स्पेलिंग आधारवर वेगळं आहे तर काय करायचं, हेच सगळं. मी ते निवडणुकीसाठी केलं नव्हतं म्हणून प्रचारातही सांगितलं नाही. माझ्या पत्रकावर काय होतं, तर "सुशिक्षित, मनमिळाऊ, कर्तबगार". फॉर्मचा एक शब्द नाही.

तुमच्या वहीतही असे काही बूथ निघतील. तिथं जाऊन लोकांना विचारायच्या आधी स्वतःला विचारा की मी इथं मागच्या पाच वर्षांत काय केलं. उत्तर बहुतेक पत्रकावर नसतं.

आपल्या गल्लीचा बूथ

हा भाग कोणाला वाचायला आवडणार नाही. आमच्या गल्लीच्या बूथवर ४४७ लोकांनी मतदान केलं, मला ६३. टिका १९० होत्या, त्यातल्या बहुतेक निळ्या. ज्यांच्याकडे आम्ही वास्तूला गेलो, ज्यांच्या पोरीच्या लग्नात मी पंगतीत वाढलं, ज्यांच्या घरची चावी आमच्याकडे असते, ते सगळे यात.

मी आठ दिवस कोणाकडे पाहिलं नाही. सकाळी दूध आणायला दुसऱ्या चौकातल्या दुकानात जायची. मग एक दिवस समोरच्या काकू, वय सत्तरच्या वर, फाटकात उभ्या राहून सरळ म्हणाल्या, "काऊन वं, रुसली का?" मी म्हटलं नाही हो काकू, कायची रुसते. तर त्यांनी आत बोलावलं, तिळाची वडी दिली, आणि जे सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. म्हणाल्या, "तू तर घरचीच आहेस. तुले मत नाही दिलं तरी तू आमचं काम करशीलच ना. त्याले नाही दिलं तर तो नाली नाही करणार."

बसली मी तिथंच. या गणितात चूक दाखवा मला.

आमच्या गल्लीत सिमेंट रोड झाला तेव्हापासून रोड वर आणि घरं खाली, पाऊस आला की पाणी सरळ काकूंच्या अंगणात, आणि २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या घरांमधे पाणी घुसलं ते सगळ्यांनी टीव्हीवर नाही, डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे नागपुरात आता नाली हा विषय म्हाताऱ्या माणसाच्या झोपेचा विषय झाला आहे. काकूंना मी आवडत नाही असं काही नव्हतं. मी फुकटात मिळत होती आणि नाली फुकटात मिळत नव्हती.

तर आपल्या लोकांनी मत नाही दिलं म्हणून धोका दिला असं लगेच लिहू नका. विचारा की मी निवडून आली नाही तर यांचं नेमकं काय अडतं. माझ्या बाबतीत उत्तर होतं, काहीच नाही.

हाव ना ताई म्हणजे काय

आपल्याकडे दारात आलेल्याला कोणी नाही म्हणत नाही. "हाव ना ताई, तुम्हालेच" हे नागपुरात पाणी विचारण्यासारखं आहे, शिष्टाचार आहे तो, त्याला मत समजणं ही आपली चूक. मी नंतर वहीत आठवून आठवून लिहिलं की कोण कोण दारात काय बोललं होतं, आणि ओळखीच्या काहींनी नंतर स्वतःहून सांगितलं की कोणाला दिलं, त्यावरून मला जे दिसलं ते सांगते. जे लगेच हाव म्हणाले त्यांचा भरवसा सगळ्यात कमी. जे म्हणाले "आमच्या घरी सहा मतं आहेत बरं का" ते तर भाव सांगत होते, मला तेव्हा कळलं नाही, मी आपली सहा लिहून आली. जे चहा घ्याच म्हणाले ते अर्धे अर्धे.

आणि जे भांडले ते माझे निघाले. एक बाई माझ्यावर गेटमधेच चिडली होती, म्हणे तुम्ही लोक पाच वर्षांनी येता, आमच्या गल्लीत लाइट नाही, पोरगी क्लासवरून आठ वाजता येते, तुम्ही काय करणार सांगा, आता सांगा. मला वाटलं हे घर गेलं, टिकही केली नाही. निकालानंतर तीच बाई बाजारात भेटली आणि म्हणाली मॅडम मी तुम्हालाच दिलं, आमच्या जावेलाही द्यायला लावलं. जो प्रश्न विचारतो त्याने तुम्हाला उमेदवार मानलेलं असतं. "तुमचं बटण कोणत्या पानावर आहे" असं विचारणारा एक माणूस नुसत्या मान हलवणाऱ्या दहांच्या बरोबरीचा आहे.

चार बटणं

यावरून आठवलं. आपल्या प्रभागात एका माणसाला चार मतं द्यायची असतात, अ ब क ड, मशीनवरच्या मतपत्रिकेच्या पानाचे रंग वेगळे, पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा, फिका निळा. पॅनल असलेल्याला सोपं, एकच चिन्ह चार वेळा. अपक्षाचं तसं नाही, त्याला मतदाराला मधेच थांबवावं लागतं की भाऊ, तीन तुझ्या मनाने दे पण पिवळ्या पानावर जरा थांब. मी हे शेवटच्या तीन दिवसांत सांगायला लागली, तोपर्यंत कपबशी कपबशी एवढंच ओरडत होतो. माझी स्वतःची मावशी मतदान करून आली आणि म्हणाली पांढऱ्या पानावर तुझी कपबशी शोधली, किती वेळ शोधली, दिसलीच नाही, मागून ते साहेब म्हणे आजी लवकर करा, मग जे दिसलं ते दाबत गेली. मावशीचं मत गेलं यात मावशीची काय चूक. तुम्ही अपक्ष होता तर वहीत एक पान यासाठी ठेवा: मशीनसमोर माणूस किती सेकंद उभा राहतो आणि त्या सेकंदात त्याला काय आठवायला हवं हे तुम्ही कोणाला आणि कधी सांगितलं होतं.

कारणांचं वेगळं पान

पैसा, यादी, मशीन. हरलेला प्रत्येक जण ही तीन नावं घेतो, मीही घेतली. ती खोटी असतात असं माझं म्हणणं नाही, पण त्यांच्यासाठी वेगळं पान करा आणि तिथं फक्त आकडा लिहायचा, गोष्ट लिहायची नाही.

यादीचं माझं पाहा. या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी धरली होती, त्यानंतर नाव नोंदवलेल्यांना मत नव्हतं, आणि यादी प्रभागात तोडताना काही घरं शेजारच्या प्रभागात गेली. आम्ही महिनाभर बोंबलत होतो की आमची शेकडो नावं उडवली. मी एक एक घर मोजलं तर माझ्या खात्रीची ३४ नावं निघाली. ३४ माणसांना मत देता आलं नाही हे वाईटच आहे, त्याची तक्रार करा, पण माझ्यात आणि तिसऱ्या नंबरात अकराशेचा फरक होता.

पैशाचं, म्हणजे लक्ष्मीदर्शनाचं, फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तर लिहा. माझ्या पानावर एक ओळ आहे. ऐकलेल्या ओळी पन्नास होत्या, त्या खोडल्या, कारण त्या पन्नासांतल्या निम्म्या ज्याने सांगितल्या त्यानेच पेन्सिलच्या टिकाही केल्या होत्या.

मशीनचं म्हणाल तर मतदान संपल्यावर बूथवर किती मतं नोंदली त्याचा आकडा आपल्या एजंटला मिळतो, तो मोजणीच्या आकड्याशी जुळवा. माझे एजंट ७८ पैकी ३१ बूथवर होते, तिथं सगळं जुळलं. बाकी ४७ बद्दल मी काय बोलणार, माझा माणूसच नव्हता. खरंच कुठं जुळत नसेल तर वाट पाहत बसू नका, निवडणुकीला कोर्टात आव्हान द्यायला निकालापासून फक्त १० दिवस मिळतात, वकिलाला त्याच आठवड्यात भेटा. अकराव्या दिवसानंतर ती पानठेल्यावरची चर्चा राहते.

लोकांना विचारायचं कसं

"आपलं काय चुकलं?" असं विचारू नका, कोणीच खरं सांगत नाही. कार्यकर्ते म्हणतील वेळ कमी पडला, नातेवाईक म्हणतील जमाना खराब आहे, आणि जो खरा शहाणा तो म्हणेल जाऊ द्या नं वहिनी. मला मत दिलं का हे तर चुकूनही विचारायचं नाही, ते विचारणंच बरोबर नाही आणि खोटं ऐकायची हौस असेल तरच विचारावं.

त्या दिवसाबद्दल विचारा. मतदानाला किती वाजता गेलात, कोणासोबत, चिठ्ठी कोणी आणून दिली, रांग होती का, बाहेर टेबलावर कोण बसलं होतं. यात लोक मोकळेपणी बोलतात कारण यात मत कोणाला ते नाही. मला यातूनच कळलं की फ्लॅट स्कीममधे आमच्या चिठ्ठ्या गेल्याच नाहीत, वॉचमनच्या खुर्चीखाली गठ्ठा पडलेला होता, आणि दुपारी दोनला आमचं टेबल अर्धा तास रिकामं होतं कारण आमची पोट्टी मांजा लुटायला गेली होती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मतदान ठेवल्यावर आणखी काय होणार.

निवडून आलेल्यांना भेटून अभिनंदन करा, एकटे जा, फोटो काढू नका. मी पंधरा मिनिटं बसली, त्यांनी चहा दिला कपबशीत, दोघीही त्यावर काही बोललो नाही.

घरच्यांचं थोडं. आमच्या ह्यांनी एक शब्द बोलून दाखवला नाही पण रात्री लाइट बंद झाल्यावर विचारलं की एफडीतले किती उरले. तो हिशोबही त्याच वहीत लिहा, शेवटच्या पानावर का होईना, आणि घरच्यांसमोर लिहा. शिकवणीतल्या दोन पोट्ट्यांची नावं निवडणुकीच्या काळात कमी झाली होती, त्यातलं एक परीक्षेच्या तोंडावर परत आलं, दुसरं नाही.

आणि हो, लोक तुम्हाला मोठ्यांच्या गोष्टी सांगतील. बाबासाहेबसुद्धा १९५२ ला मुंबईत आणि १९५४ ला इथं भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हरले होते, हे मला किमान दहा जणांनी सांगितलं. गोष्ट खरी आहे आणि भंडारा आपल्यापासून दीड तासावर आहे म्हणून जास्तच खरी वाटते, पण त्यांच्या हरण्याने त्यांना मत न देणाऱ्यांचं नुकसान झालं, माझ्या हरण्याने फारतर नालीचं. दुसरी गोष्ट, देवेंद्र फडणवीस १९९२ ला इथूनच नगरसेवक झाले, १९९७ ला महापौर, म्हणून तुम्ही सोडू नका. आता ते तर नगरसेवक पदाला निवडून आले होते ना भाऊ! सांत्वन करणाऱ्याला उदाहरण जुळतं की नाही याची पडलेली नसते, ऐकून घ्यायचं, पाणी द्यायचं.

पुढच्या वेळचं

मी पोळ्यापर्यंत ठरवणार नाही असं घरी सांगून टाकलं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबत निघते, म्हणजे इडापिडेच्या पुतळ्याची मिरवणूक, आमच्या शिकवणीची पोट्टी दरवर्षी जातात, इडापिडा घेऊन जा गे मारबत म्हणून ओरडून घसा बसवून येतात, त्यांच्यासोबत जाऊन येईन आणि मग पाहू. तुम्हीही एक तारीख धरा, सहा-आठ महिन्यांनंतरची, आणि त्याच्या आधी कोणी विचारलं तर ती तारीख सांगा. नाहीतर रोज एक नवीन माणूस तुमच्याकडून हो किंवा नाही वदवून घेतो आणि ते संध्याकाळपर्यंत चार चौकांत पोचतं.

तोपर्यंत वहीतून एकच काम उचला, एकच, जे निवडून आल्याशिवायही करता येतं. माझ्या ११ बूथांचं मला माहीत आहे, तिथं फॉर्म भरणं चालू आहेच, या वेळी फक्त प्रत्येक फॉर्मची नोंद ठेवून राहिली. दुसरं काम मी स्वतःहून उचललं नसतं, ते काकूंनी गळ्यात घातलं. फेब्रुवारीत नालीचा अर्ज दिला, लेव्हलचे फोटो लावून, रोडपासून अंगणापर्यंत टेप धरून मोजलं तर सव्वा फूट निघालं. मार्चमधे एक स्मरणपत्र दिलं, एप्रिलमधे दुसरं. दोन्हीच्या पोच वहीत चिकटवल्या आहेत. सकाळी दूध आता समोरच्याच दुकानातून आणते आणि काकू फाटकात उभ्या असतात, हातात झाडू, आणि गुड मॉर्निंग वगैरे काही नाही, सरळ विचारतात, "काय झालं वं नालीचं?"